आजी म्हणतात, शास्त्रात बसत नाही

वाचक विचारतात, बाई सांगतात

पेणहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

“बाई, नमस्कार. माझी मुलगी पनवेलला बँकेत आहे. तिचं एका मुलाशी जमलंय. मुलगा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, मूळचा रेवदंड्याकडचा. आम्ही आगरी. मुलाच्या आईवडिलांचं काही म्हणणं नाही, पण त्याच्या आजींनी मला समोर बसवून सांगितलं, ‘मुलगी गुणी आहे, पण आमच्या शास्त्रात बसत नाही. आमच्या एज्राने असल्या बायका पोराबाळांसकट घालवल्या होत्या.’ तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. खरंच असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर मुलीला माघार घ्यायला सांगू का?”

ताई, लिहिलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी आजींना खोटं पाडायला बसलेय असं व्हायला नको. एज्राच्या पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय काढा, मराठी बायबलमध्येही सापडतील.

एज्रा हा शास्त्री माणूस. इ.स.पू. ५व्या शतकात तो बाबेलहून (बॅबिलोनहून) यरुशलेमला आला. तिथली हद्दपारी संपवून लोक आधीच परतले होते, मंदिर पुन्हा उभं राहिलं होतं, आणि आल्या आल्या त्याच्या कानावर घातलं गेलं की परतलेल्यांनी, त्यातही याजकांनी, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांनी, आसपासच्या लोकांच्या मुली केल्या आहेत. त्याने अंगरखा फाडला, डोक्याचे न् दाढीचे केस उपटले आणि संध्याकाळच्या अर्पणापर्यंत सुन्न बसून राहिला. मग फर्मान निघालं. तीन दिवसांत यरुशलेमला हजर व्हा, न येणाऱ्याची मालमत्ता जप्त.

नववा महिना, २० तारीख. आपल्या हिशेबाने डिसेंबरच्या आसपास, आणि तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. मंदिरापुढच्या चौकात पुरुष बसलेत आणि थरथरताहेत. पुस्तक म्हणतं, या प्रकरणामुळे आणि पावसामुळेही. एज्रा उभा राहून सांगतो, परक्या बायका सोडा. सगळे मोठ्याने ‘हो’ म्हणतात आणि त्याच दमात पुढे सांगतात की माणसं पुष्कळ आहेत, पावसाचे दिवस आहेत, बाहेर उभं राहवत नाही, आणि हे काही एकदोन दिवसांचं काम नव्हे. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. जुलैत, छप्पर गळत असताना भरवलेल्या पालकसभेत कशालाही हात वर होतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग चौकशीला माणसं नेमली. ती दहाव्या महिन्याच्या १ तारखेला बसली आणि पहिल्या महिन्याच्या १ तारखेला उठली. तीन महिने. शेवटी यादी दिली आहे, शंभराहून थोडी जास्त नावं, सुरुवातीलाच १७ याजक. सगळी नावं नवऱ्यांची. बायकांपैकी एकीचंही नाही. शेवटच्या ओळीत एवढंच की त्यातल्या काहींना मुलं झालेली होती. ती मुलं काखोटीला मारून त्या कुठे गेल्या, कुणाच्या दारात उभ्या राहिल्या, हे पुस्तक लिहीत नाही. हजेरी घेण्यात जन्म गेलेली बाई मी, मला ही यादी कायम अर्धी वाटत आली आहे. योनाथान आणि यहज्या अशा दोघांनी मात्र त्या निर्णयाला विरोध केला, आणि त्यांची नावं पुस्तकाने गाळलेली नाहीत. आजींना सहज विचारून बघा, ही दोन नावं आठवतात का.

आता एज्राच्या मागे चला, कारण शास्त्र काही एज्रापासून सुरू होत नाही. मनाई तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांमधल्या, पाचव्या पुस्तकात आहे, सातव्या अध्यायात. हित्ती, गिर्गाशी, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी, यबूसी अशी सात राष्ट्रं नावानिशी सांगितली आहेत. त्यांना मुली देऊ नका, त्यांच्या करू नका. आणि पुढच्याच ओळीत कारण आहे, ते तुझ्या मुलाला माझ्यापासून फिरवतील आणि तो दुसऱ्या देवांची सेवा करू लागेल. तिथे रक्ताबिक्ताची गोष्ट नाही, काळजी आहे ती घरात देव कोणाचा बसणार याची. लग्नाच्या बाबतीत ‘पवित्र बीज मिसळलं’ ही भाषा येते ती एज्राच्या पुस्तकात. सात राष्ट्रांवरची मनाई सगळ्याच परक्यांना लागू केली ती तर आणखी पुढे, रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी.

त्याआधी ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याने नोकराला शपथ घातली होती, मुलासाठी, इसहाकासाठी, इथली कनानी मुलगी बघू नकोस, माझ्या गोतात जा. इसहाकाचा मुलगा एसाव याने ४०व्या वर्षी दोन हित्ती मुली केल्या, तर त्याची आई रिबका नवऱ्याला म्हणते, या हित्ती पोरींपायी मला जीव नकोसा झालाय, धाकट्या याकोबानेही असलीच आणली तर मी जगून काय करू? हे वाक्य वाचलं की मला रिबकेपेक्षा आमच्या आळीतल्या तीन सासवा आठवतात. तिघींचे धर्म तीन.

आणि तरी याकोबाच्या मुलाची, योसेफाची बायको बघा. मीही बेने इस्राएलच. आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागला की बाबा माझ्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखा करो. बाबा एस.टी.त मेकॅनिक. हात कितीही घासले तरी ग्रीसचा वास राहायचा आणि भाऊ नाक मुरडायचा. हा आशीर्वाद याकोबाने आपल्या दोन नातवांवरून घालून दिलेला, जगभरच्या ज्यू घरांत मुलांना देतात. त्या नातवांची आई कोण? आसनथ, मिसर देशातल्या (इजिप्तमधल्या) ओन नगरच्या पुजाऱ्याची मुलगी. बारा वर्षांची असताना मी बाबांना विचारलं होतं, “म्हणजे पोरं मिसरी बाईची आणि तरी आपण यांच्यासारखं व्हायचं?” बाबा म्हणाले, “आधी किद्दुश होऊ दे, भूक लागलीय.” (किद्दुश म्हणजे जेवणाआधीची द्राक्षरसावरची प्रार्थना.) उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मिळालं नाही याचं वाईटही वाटत नाही.

खुद्द मोशेची बायको सिप्पोरा मिद्यानी, तीही याजकाचीच मुलगी. पुढे त्याच्या कूश देशच्या बायकोवरून बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन कुजबुजले, तर मिर्यामच्या अंगावर बर्फासारखं पांढरं कोड उठलं आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं. भावजयीबद्दल बोलल्याची शिक्षा नणंदेला झाली, अशी ही एकच गोष्ट माझ्या वाचनात आहे.

एज्राच्याच काळातला दुसरा करडा माणूस म्हणजे नहेम्या, यहूदाचा सुभेदार. त्याला असे लोक भेटले ज्यांच्या बायका अश्दोदच्या, अम्मोनच्या, मवाबच्या. त्याचा राग कशावर होता? त्यांची मुलं अर्धं अश्दोदी बोलत होती आणि यहूद्यांची भाषा त्यांना येत नव्हती. त्याने शिव्याशाप दिले, काहींना मारलं, केस उपटले. (केसांवर या दोघांचाही भारी राग. एकाने स्वतःचे उपटले, दुसऱ्याने लोकांचे.) अश्दोद आपल्यासारखंच समुद्रकाठचं गाव. किनाऱ्यावर भाषा मिसळतेच. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला जाऊन ऐका, पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले, पण तिथली ख्रिस्ती घरं अजून त्यांच्या भाषेतून जन्मलेली आपली वेगळी बोली बोलतात. आणि आम्ही बेने इस्राएल? हिब्रू प्रार्थना तोंडपाठ, पण भांडतो, रडतो, हिशेब करतो मराठीत. नहेम्या अलिबागला आला असता तर पहिले केस माझे उपटले असते.

आता आजींना दुखवणारं एक सांगायचंय. पण ते मी माझ्याच घरातलं सांगते.

आमच्यात परवापरवापर्यंत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर होते. कातडीशी याचा फार संबंध नव्हता. पूर्वजाने बाहेरची बाई केली असेल तर तिची संतती ‘काळी’. एकाच मशिदीत प्रार्थना (सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणत), पण सोयरीक नाही, आणि गोऱ्यांच्या भांड्यांना काळ्यांनी हात लावायचा नाही. माझी आई काळ्यांतली. तिच्या आजीला शेजारच्या घरी पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. १९७५ साली मला मुंबईचं स्थळ आलं, पसंती झाली, साखरपुड्याची तारीख ठरली, आणि आठ दिवस आधी निरोप आला, “मुलीचं आजोळ कळलं.” साखरपुड्यासाठी घेतलेली अंजिरी साडी मी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी नेसून गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्गात एवढं भारी कशाला?

आमची दंतकथा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्या सात जोडप्यांपासून पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर आणि उरलेले सगळे ‘कर’ झाले. या किनाऱ्यावर शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोकांनी ‘शनिवार तेली’ नाव दिलं, आणि एवढ्या काळात एकाही गोऱ्या घरात बाहेरची सून आली नसेल? मला शंका आहे.

गंमत पुढेच आहे. १९४८ नंतर आमचे लोक इस्राएलला जाऊ लागले. तिथल्या मुख्य रब्बींच्या मंडळाला शंका आली, यांच्यात बाहेरची लग्नं झाली असतील, काडीमोडाचे नियम पाळले नसतील. १९६२मध्ये आदेश निघाला की बेने इस्राएल मुलामुलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. आमच्या लोकांनी यरुशलेमात धरणं धरलं. १९६४ मध्ये प्रकरण तिथल्या संसदेत गेलं आणि आदेश मागे घ्यावा लागला. आदेश निघाला तेव्हा मी नऊ वर्षांची. मामा पेपर वाचून दाखवत होता. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणाली, “चला, आता गोऱ्यांनापण पणजी दाखवावी लागणार.” तिला हसताना मी क्वचितच बघितलं. त्या दिवशी ती तव्यावरची भाकरी करपेपर्यंत हसली.

आजींना हे सगळं तोंडावर फेकू नका, ताई. त्यांच्या भीतीलाही बूड आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्या गावच्या सणाला ते दहा जमवायला ठाण्या-पनवेलीला फोन लावावे लागतात, आणि नववा येऊन दहाव्याची वाट बघत बसलेले म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांच्या जागी बसलं की नातवाचं लग्न वेगळं दिसतं.

आता कामाचं. परंपरेने चालणाऱ्या सिनेगॉगमध्ये ज्यू आणि ज्यू नसलेल्यांचं लग्न लागत नाही. मूल ज्यू की नाही हे आईवरून ठरतं. हा नियम तोरात सरळ शब्दांत नाही, रब्बींचा आहे, पण आज तोच चालतो. म्हणजे तुमच्या मुलीची मुलं त्या हिशेबात ज्यू धरली जाणार नाहीत, हे दोघांनाही आधी माहीत असू द्या. मुलीला स्वतःहून धर्म घ्यायचा असेल तर वाट आहे, तिला गियूर म्हणतात, तीन जणांच्या धर्मपीठापुढे होतो, आणि वेळ घेतो. नुसत्या लग्नापुरता, सासूला बरं वाटावं म्हणून कुणी घेऊ नये असं माझं मत. धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे.

माघार घ्यायला सांगू का, हे मला विचारू नका आणि एज्रालाही नको. दोघांना बसवून एवढं विचारा. भाद्रपदात गणपती आणि आमचा नवीन वर्षाचा सण, दारफाळणीचा (योम किप्पुरचा) उपास हे काही वर्षी मागेपुढे येतात. त्या पंधरवड्यात घरात काय होणार? मोदक होणार का, उपास कोण धरणार, मुलाने शाळेत सणाचा निबंध कशावर लिहायचा? तोराने जे कारण दिलंय ते हेच आहे, फक्त आगरी-इस्राएली मराठीत. दोघांनी यावर बोलून ठेवलं असेल तर तुमच्या मुलीने आजींपेक्षा जास्त शास्त्र वाचलंय असं समजा. बोलले नसतील तर आधी ते होऊ द्या, नोटीस मग.

ठाण्याहून, पण मूळ नागावच्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र: “शालोम. मागच्या अंकात तुम्ही रूथला ‘परधर्मी सून’ म्हणालात. रूथने इस्राएलचा देव स्वीकारला होता. तरुण मुलं आधीच हाताबाहेर चाललीत, त्यात तुम्ही असा दाखला देता. दुरुस्ती छापावी.”

शालोम काका. अर्धी दुरुस्ती छापते. (रूथ म्हणजे बायबलमधली मवाब देशाची मुलगी, इस्राएली घरातली सून; विधवा झाल्यावर तिने बवाजाशी लग्न केलं.) बवाजाशी लग्न झालं तेव्हा रूथ परधर्मी नव्हती, कबूल. “तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव” हे तिने त्याआधीच सासूला म्हटलं होतं. पण कधी म्हटलं? पहिला नवरा महलोन गेल्यावर, बेथलेहेमच्या बाजूला निघालेल्या वाटेवर. त्याआधी दहाएक वर्षं ती त्याच घरात सून होती, मवाबात, आणि तेव्हा तिने काही म्हटल्याचं लिहिलेलं नाही. शब्द दिल्यावरही पुस्तक तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी रूथ’च म्हणतं. लेखकाला विसर पडला असेल असं मला वाटत नाही.

कारण मवाबी हा साधा शब्द नव्हे. तोरा सांगते, अम्मोनी आणि मवाबी दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ शकत नाहीत. का? तर मिसरातून निघालेल्या इस्राएलांना ते भाकर-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत, आणि शाप द्यायला बलाम नावाच्या भविष्यवाद्याला पैसे मोजले. कोकणात हे समजावून सांगायला नको. दारात आलेल्याला पाणी विचारलं नाही तर तीन पिढ्या बोलणं बंद असतं. आता त्याच मवाबची पोर शेतात जवाचा सरवा वेचते. जेवणाच्या वेळी बवाज तिला आपल्यात बसवतो, भाकर आंबेत (शिरक्यात) बुडवून खा म्हणतो, भाजलेले दाणे पुढे करतो. ती पोटभर खाते, आणि उरलेले दाणे बाजूला काढून म्हाताऱ्या सासूला नेऊन देते. मवाबने न दिलेली भाकर मवाबी मुलीने आणून दिली. हे वाचताना तुम्हाला मनाईचं कलम आठवत नाही का काका? मला तर वाटतं, ते आठवावं म्हणूनच लिहिलंय.

रब्बी काही कमी नव्हते. रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद, इस्राएलचा राजा. दहा पिढ्यांची बंदी आणि राजा चौथ्या पिढीत! त्यांनी व्याकरणातून वाट काढली. तोरात ‘मवाबी’ पुल्लिंगी आहे, बंदी पुरुषांना, बायकांना नाही, कारण भाकर-पाणी घेऊन वाटेवर सामोरं जाणं हे पुरुषांचं काम. मराठीच्या बाईला याहून आवडता निकाल कुठला असणार! लिंग ओळखा या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं एक गुण देत आले. इथे तेवढ्यावर राजघराणं वाचलं.

श्रीवर्धनचा नववीतला विद्यार्थी विचारतो: “शलमोन राजाला ७०० राण्या होत्या हे खरं आहे का?”

पुस्तकात ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी लिहिल्या आहेत. मोजायला मी नव्हते. त्यात मवाबी, अम्मोनी, अदोमी, सीदोनी, हित्ती अशा परदेशच्या पुष्कळ, बहुतेक राजकारणाच्या सोयरिकी. पुस्तकाची खरी तक्रार पुढे आहे, म्हातारपणी त्यांनी त्याचं मन आपापल्या देवांकडे वळवलं आणि यरुशलेमसमोरच्या डोंगरावर त्याने त्या देवांची स्थानं बांधली. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच्यामागून गादीवर बसलेल्या रहबामाची आई नामा अम्मोनी होती. हे इतिहासाच्या पेपरात लिहू नकोस, अभ्यासक्रमात नाही.

पेणच्या ताईंनी पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, ती आत्ता दिसली. “आजींनी पुढच्या रविवारी घरी मलिद्याला बोलावलंय. मुलीला घेऊन या म्हणाल्या. काय नेऊ?”

अहो ताई, हे पत्राच्या वर लिहायचं की खाली! मलिदा म्हणजे आमच्याकडे एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने करतात तो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, आणि ताटाभोवती फळं. परातीवर हिब्रू प्रार्थना म्हणतात, मग सगळ्यांना वाटतात. पेढे, बर्फी, बासुंदी काही नेऊ नका. नंतर मटण असणार आणि मांसाबरोबर दुधाचं आमच्यात चालत नाही, आजी घेऊन ठेवतील आणि मनात धरतील. केळी न्या, चिकू न्या, खजूर मिळाला तर उत्तम. आणि परसातला सोललेला नारळ असेल तर तो मुलीच्या हातात द्या. खवायला बसायची वेळ झाली की आजी विळी कुणाकडे सरकवतात तेवढं मला कळवा.